पुढचा पत्रा आणि मागचा पत्रा

जपानमधील चिबा प्रांतात काशिवा येथे अकिरा नाकाई यांची ‘राऊ-वेल्ट बेग्रिफ’ ही कार्यशाळा आहे. जुन्या पोर्शे ९११ मोटारीला रुंद बॉडी किट बसविण्याच्या कामासाठी ती जगभर ओळखली जाते. मोटार परदेशात असली तरी नाकाई स्वतः तेथे जातात आणि आपल्या हाताने पत्रा कापतात. पाहणाऱ्यांची नजर करवतीवर खिळते. व्यवहार जाणणाऱ्याने मात्र पत्रा पाहावा.

जुन्या ९११ चे पुढचे मडगार्ड बोल्टांनी जोडलेले असते. ते काढून जपून ठेवता येते आणि हवे तेव्हा पुन्हा लावता येते. मागचे मडगार्ड मात्र वेल्डिंगने सांगाड्याशी एकजीव झालेले असते. रुंद चाके मावावीत म्हणून त्याची कड कापावी लागते. पुढे मन बदललेच, तर नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. तो खर्च मोठा, आणि गेलेले मूळपण त्याने परत येत नाही.

म्हणूनच या कामात घाईला स्थान नाही. फायबरचा भाग आधी नुसता लावून पाहतात, दोन्ही बाजूंची अंतरे ताडून पाहतात, चिकटपट्टीने रेषा आखतात. मगच करवत चालते. कापलेल्या कडेवर जस्ताचा मुलामा उरत नाही. ती कड घासून प्रायमर लावला नाही आणि आतल्या-बाहेरच्या पत्र्यांमधील फट बुजविली नाही, तर पाणी शिरून चकचकीत रंगाखाली गंज धरतो. शेवटी स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून चाक कोठे घासत नाही ना, हे तपासतात.

भारतात याही आधीची एक पायरी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. कलम १८२-अ नुसार प्रत्येक बेकायदा बदलास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी या दोघांकडे लेखी विचारणा करावी, ती पत्र्याला हात लावण्यापूर्वी.

अशा मोटारीवरून घरात दोन मते होतात. मुलाला ती रुंद हवी असते, वडिलांना मूळ रूपात. दोघांनी एकत्र बसून एकच प्रश्न सोडवावा: ही मोटार घरातच राहणार, की पुढे विकायची? विकायची असेल, तर मूळ पत्र्याचे मोल जाणणारे गिऱ्हाईक कापलेल्या मोटारीकडे पाठ फिरवील, हे धरून चालावे. पुढच्या पत्र्याचा निर्णय उद्या बदलता येतो. त्यासाठी वाद वाढवू नये. मागच्या पत्र्यावर मात्र रेषा आखून झाल्यावरही एक रात्र मध्ये जाऊ द्यावी.