गोठ्यांतील कारखाना

वऱ्हाडांतील एका वाचकबंधूंचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. त्यांच्या घरीं पंचवीस वर्षांची डिझेलवर चालणारी एक पिकअप गाडी आहे. सांगाडा शाबूत आहे, परंतु चढावर पूर्वींचा जोम राहिलेला नाहीं. चिरंजीव यंत्रविद्या शिकत आहेत, व घरच्याच पडवींत तिला टर्बो बसवूं म्हणतात. 'या उपद्व्यापास संमति द्यावी, कीं गाडी भंगारांत घालावी?' असा वाचकबंधूंचा सवाल आहे. सवाल एका घरचा असला तरी त्यांत दोन गोष्टी गुंतलेल्या आहेत. एक गाडीची आणि दुसरी मुलाची. दोहोंविषयीं आम्हांस अनुभवाचे चार शब्द सांगतां येण्याजोगे आहेत. कारण हाच प्रसंग २०१७ सालीं आमच्या तिवशाच्या घरीं येऊन गेला.

तिवसा हें अमरावती जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. अमरावतीहून नागपुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, गुरुकुंज मोझरी ओलांडली कीं पुढें तें लागतें. आमची तेथें थोडी संत्र्यांची बाग आहे. घरांतील गाईगुरें गेलीं तेव्हांपासून मागल्या अंगणांतील गोठा रिकामाच होता. पुतण्या त्या वेळीं अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकत होता. माल नेण्यासाठीं आम्हीं एक जुनी पिकअप घेतलेली होती. ती १९९९ सालची. सुटी लागतांच पुतण्यानें गोठ्याच्या भिंतीवर खडूनें एक यादी लिहिली : टर्बो, रुंद टायर, मागें दोन जादा पाटे, मोठा हॉर्न, डोळे दिपविणारे दिवे. खालीं मोठ्या अक्षरांत 'खर्च : काका' असें लिहिलेलें होतें.

घरांतील मंडळींचीं मतें निरनिराळीं पडलीं. बंधूंचें म्हणणें, अभियंता व्हावयाचें त्यानें कागदावर आकृति काढाव्या, गाडीखालीं निजूं नये. आमच्या मातोश्रींची हरकत निराळीच होती. काळे हात घेऊन कोणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आंत पाऊल टाकलें तर त्यास जेवावयास मिळणार नाहीं, एवढेंच त्या म्हणाल्या. तेलकट हातांविषयींचा आपल्या पांढरपेशा घरांतील हा संकोच फार जुना आहे, आणि त्यानें आपलें नुकसानहि पुष्कळ केलें आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवास सायकलींच्या दुकानाचा संसार मांडला आणि पुढें लोखंडी नांगर ओतले, तेव्हां त्या काळच्या शिकलेल्या समाजास तें अधःपतनच वाटलें असल्यास नवल नाहीं. १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली तेव्हां त्या तेलकट हातांची किंमत कळली. त्यांच्याच घराण्यांतील उद्योगानें १९४६ सालापासून पुण्यास ऑइल इंजिनें काढलीं, आणि अशा इंजिनांनीं खेड्यापाड्यांतील विहिरींचें पाणी उपसलें. आमच्या गांवचे मिस्त्री डिझेल शिकले ते कोणत्याहि विद्यालयांत नव्हे, तर विहिरीच्या थारोळ्यावरील अशाच एका इंजिनापाशीं.

या मिस्त्रींना आम्हीं पुतण्याची यादी दाखविली. त्यांनीं ती वरून खालपर्यंत वाचली आणि म्हटलें, "भाऊसाहेब, गाडीले पयाले तं कोनीबी शिकवते, थांबाले शिकवनारा पाह्यजे." पुतण्या हंसला. खरें सांगावयाचें तर आम्हीहि हंसलों.

त्यानंतर आठच दिवसांनीं मृग बहाराचीं संत्रीं घेऊन आम्ही अमरावतीस निघालों. गाडी पुतण्या चालवीत होता, आम्ही शेजारीं बसलों होतों. वेग बेताचा होता. मोझरीच्या अलीकडे डाव्या गल्लींतून एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा सायकलीवर एकाएकीं रस्त्यावर आला. पुतण्यानें ब्रेक दाबला. पेडल दगडासारखें घट्ट लागलें. गाडी डावीकडे ओढली जाऊं लागली आणि मागील संत्र्यांचा भार तिला पुढें लोटूं लागला. अखेर गाडी थांबली तेव्हां तिचा पुढला भाग आणि सायकलीचें मागलें चाक यांच्यांत दीड हाताचें अंतर होतें. मुलानें मागें वळूनहि पाहिलें नाहीं. तो आपल्या वाटेनें निघून गेला. पुतण्याचे हात स्टिअरिंगवर थरथरत होते. अमरावती येईपर्यंत आम्हां दोघांत एक शब्दहि झाला नाहीं. त्या गाडीस मागल्याच दिवाळींत आम्हीं नवा रंग दिला होता व गाद्या शिवून घेतल्या होत्या. ब्रेक मात्र उघडून पाहिलेले नव्हते. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता, आमचाच होता. घरीं परतल्यावर पुतण्यानें कोणी न सांगतां भिंतीवरील यादी ओल्या फडक्यानें पुसली आणि तेथें एकच शब्द लिहिला : ब्रेक.

येथून आमचा खरा कारखाना सुरू झाला. प्रथम काम जमिनीचें. गोठ्याची जमीन मातीची. जॅक लावला कीं तो आंत रुते. म्हणून शहाबादी फरश्या बसविल्या. मिस्त्रींचा पहिला नियम असा कीं, नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कोणीहि शिरावयाचें नाहीं. गाडी लोखंडी घोड्यांवर टेकवून, जमिनीवर राहिलेल्या चाकांना ठोकळे लावून, हातानें हलवून पाहिल्यावांचून खालीं जावयाचें नाहीं. दुसरा नियम ब्रेकच्या ड्रममधील धुळीचा. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, व त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते. म्हणून ती फुंकून उडवावयाची नाहीं, ओल्या फडक्यानें टिपावयाची. फडक्यांसाठीं मातोश्रींनीं आपलें एक जुनें लुगडें आपण होऊन काढून दिलें. स्वयंपाकघराचा नियम मात्र त्यांनीं सैल केला नाहीं.

चाकें उघडल्यावर त्या दिवशींच्या भीतीचें कारण दिसलें. मागील उजव्या चाकाच्या सिलिंडरांतील रबर झिजून तेल पाझरत होतें व त्यानें लायनर भिजलें होतें. एका चाकास पकड नाहीं, म्हणून गाडी दुसऱ्या अंगास ओढली जात होती. ब्रेकचें तेल चहासारखें तपकिरी झालें होतें. हें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. ओलावा वाढला कीं तें थोड्या उष्णतेनें उकळतें, आणि लांब उतारावर नेमकें हवें तेव्हां पेडल पोकळ लागतें. म्हणून गाडी चालो वा न चालो, दर दोन वर्षांनीं तें बदलावें.

परंतु पेडल दगडासारखें कां लागलें, याचें उत्तर चाकांत नव्हतें. तें पुतण्यास पुस्तकांतून सांपडलें. पायाच्या जोरास साहाय्य करणारा जो बूस्टर असतो तो निर्वात पोकळीच्या बळावर काम करतो. पेट्रोलच्या इंजिनांत ही पोकळी हवेच्या वाटेवरील झडपेमुळें आपोआप उत्पन्न होते. डिझेल इंजिनांत तशी झडप बहुधा नसते. म्हणून तेथें पोकळी करण्यासाठीं निराळा पंप लागतो, व पुष्कळ गाड्यांत तो अल्टरनेटरच्याच पाठीवर बसविलेला असतो. आमच्या गाडींत पंप ठीक होता. त्याची रबरी नळी मात्र आंतल्या बाजूनें तडकली होती. नळी ती केवढी, आणि तिच्यावर कोणाचा जीव अवलंबून होता! पुस्तक पुतण्यानें वाचलें, नळी मिस्त्रींच्या बोटांनीं शोधली. दोहोंपैकीं एक नसता तर दुसरा अडला असता.

नवीन सिलिंडर, लायनर, नळी आणि तेल घातल्यावर वाहिनींतील हवा काढणें राहिलें. तें काम एकट्याचें नव्हे. एकानें पेडल दाबून धरावयाचें, दुसऱ्यानें चाकापाशीं निपल सोडून बुडबुडे जाऊं द्यावयाचे, निपल पुन्हां आंवळल्यावर मगच पेडल सोडावयाचें. आणि बहुतेक गाड्यांत प्रारंभ सर्वांत लांबच्या चाकापासून करावयाचा. पेडलवर आमच्या वहिनी बसल्या. 'दाबा', 'धरा', 'सोडा' या तीन शब्दांवर सारी संध्याकाळ गेली. अभियंत्यानें गाडीखालीं निजूं नये म्हणणारे बंधु त्या संध्याकाळीं हातांत दिवा धरून उभे होते, हेंहि नमूद केलें पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं शेताच्या रिकाम्या वाटेवर परीक्षा घेतली. दुरुस्तीपूर्वीं ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी भरली गाडी पूर्ण थांबण्यास आमचीं २६ पावलें लागलीं होतीं. आतां तेवढाच भार असतां १७ लागलीं. हीं नऊ पावलें हीच आमच्या कारखान्याची पहिली कमाई. येथें एक हिशेब ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. वेग दुप्पट केला तर थांबण्याचें अंतर दुप्पट होत नाहीं, चौपट होतें. अंगीं बळ आणावयाचें आणि आवरण्याची शक्ति तेवढीच ठेवावयाची, हें गाडींत काय किंवा माणसांत काय, सारखेंच घातक आहे.

ब्रेक झाल्यावर इंजिनाकडे वळलों. रुडॉल्फ डीझेल यानें १८९७ सालीं जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें आपलें इंजिन यशस्वी करून दाखविलें, त्याचें मर्म असें कीं त्यांत ठिणगी नाहीं. हवा इतकी दाबावयाची कीं ती तापून लाल निखाऱ्यासारखी दाहक व्हावी, आणि मग तींत तेलाचा फवारा सोडावयाचा. दाब हाच या इंजिनाचा प्राण. म्हणून शक्ति कमी झाल्यासारखी वाटली तर नवें कांहीं जोडण्यापूर्वीं प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. आमचा दाब समाधानकारक निघाला. मग जोम गेला कोठें? तर हवेची गाळणी वऱ्हाडच्या काळ्या धुळीनें बुजली होती, डिझेलच्या गाळणींत पाणी सांचलें होतें, आणि दोन नोझलें फवाऱ्याऐवजीं थेंब टाकीत होतीं. नोझलें आम्हीं घरीं तपासलीं नाहींत, व कोणीहि तपासूं नयेत. त्या फवाऱ्याचा जोर एवढा असतो कीं तो कातडीखालीं शिरतो. जखम टांचणीएवढी दिसते, पण बोट वा हात गमावण्याची पाळी येते. हें काम पंपाच्या कारागिराकडेच द्यावें.

रेडिएटरविषयीं एक शब्द. वैशाखांत आपल्याकडे पारा ४५ अंशांवर चढतो, आणि आपण विहिरीचें जड पाणी त्यांत खुशाल ओततों. पूर्णेकाठच्या खारपाण पट्ट्यांतील वाचकांस तर सांगावयासच नको. चहाच्या भांड्यास जो पांढरा थर बसतो तोच तेथें बसतो. शुद्ध केलेलें पाणी व कूलंट यांचें योग्य मिश्रण घालावें. दिव्यांच्या बाबतींतहि असेंच झालें. प्रकाश मंद होता तो दिव्यांमुळें नव्हे, तर बारीक व जुन्या तारांमुळें. जाड तार व रिले बसवितांच तेच दिवे उजळले, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपविण्याचें पापहि चुकलें.

आतां टर्बोचा मुख्य प्रश्न. आल्फ्रेड ब्युखी नांवाच्या स्विस अभियंत्यानें १९०५ सालीं ही कल्पना नोंदविली. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवून त्याकडून जास्त हवा आंत कोंबावयाची. हवा जास्त, म्हणून तेल जास्त, म्हणून बळ जास्त. परंतु उष्णता व ताणहि जास्त. ज्या इंजिनाची घडण मूळची टर्बोसाठीं नाहीं, त्याचे पिस्टन, गॅस्केट व तेलाची व्यवस्था हा भार सोसतीलच असें नाहीं. जादा पाट्यांचेंहि तसेंच : पाटा भार उचलतो, पण ब्रेक व टायर होते तेवढेच राहतात. शिवाय कायदाहि आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावतांना ९ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें आहे कीं, उत्पादकाच्या मूळ रचनेशीं विसंगत होईल असा बदल मालकास गाडींत करतां येत नाहीं. मालवाहू गाडी आठ वर्षांहून जुनी झाली म्हणजे तिच्या योग्यतेचा दाखला दरवर्षीं घ्यावा लागतो, तेव्हां असा बदल झांकून राहण्यासारखाहि नाहीं. रचना बदलणारें कांहीं करावयाचें असल्यास आधीं परिवहन कार्यालयांत विचारून यावें.

आमच्या गाडीस टर्बो लागला नाहीं. हवा मोकळी झाली, नोझलें सुधारलीं, आणि गेलेला जोम बहुतेक परत आला. त्या वर्षीं खंडेनवमीस मातोश्रींनीं पाने, हातोडी, जॅक व घोड्या पाटावर मांडून त्यांना हळदकुंकूं वाहिलें, आणि पुतण्यास प्रसाद दिला तो स्वयंपाकघरांत बसवून. हात पाहिले नाहींत. बहुधा विसरल्या असाव्यात.

तेव्हां वाचकबंधूंस आमचें उत्तर असें : गाडी भंगारांत घालण्याची घाई करूं नका, सांगाडा व इंजिनाचा दाब प्रथम तपासून घ्या. टर्बोस नकार द्या. चिरंजीवांस मात्र नकार देऊं नका. पडवी त्यांना द्या, एक जाणता मिस्त्री जोडून द्या, आणि पेडल दाबावयास स्वतः बसा.