कोरे मत कुणाच्या खात्यावर?



बियाण्याची उगवण तपासताना आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवतो आणि त्यातले किती उगवले ते मोजतो. पोत्यात राहिलेले दाणे उगवले नाहीत म्हणून वाण नापास करणाऱ्याला आपण वेड्यात काढू. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात लोकांचा हक्क नेमका असाच नापास झाला.

नागरिकांनी सह्या गोळा करून स्वतः कायदा मांडावा, आमदारांचा नको असलेला कायदा मतदानाने रद्द करावा, अशी ती घटनादुरुस्ती. १९१४ साली तिच्या बाजूने सुमारे १ लाख ६८ हजार मते पडली, विरोधात सुमारे ४२ हजार. एकास चार! तरी दुरुस्ती पडली. कारण १८९८ पासून तिथला नियम असा, की निवडणुकीला आलेल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते हवीत. उमेदवाराला मत दिले आणि हा प्रश्न कोरा सोडला, तर ते कोरे मत विरोधात जमा. १९१६ ला तेच झाले. १९८० ला बाजूने सुमारे ९ लाख ७० हजार, विरोधात ८ लाख ५४ हजार, पुन्हा नामंजूर.

गंमत पाहा. हा नियम स्वतः साध्या बहुमताने आला. त्याच्याच कसोटीवर तो टिकला नसता!

लोकांना कायद्यातले काय कळते, असे पुढारी विचारतात. शेजारच्या नॉर्थ डकोटात शेतकऱ्यांच्या राजवटीने १९१९ साली सरकारी बँक काढली. विरोधकांनी याच हक्काने तो कायदा मतदानाला नेला. लोकांनी बँक राखली. ती आजही चालते.

आपल्याकडे काय आहे? दारूचे दुकान बंद करायला नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकींचे मत आडव्या बाटलीला पडावे लागते. जी ऊसतोडीला गेली, जी बाळंतपणाला माहेरी गेली, तिचे न पडलेले मत दुकानदाराच्या खात्यावर!

मोजायची तर पडलेली मते मोजा. आणि लोकांपुढे अट टाकणाऱ्या प्रत्येक नियमाला आधी विचारा: बाबा रे, तू स्वतः किती मतांनी आलास?