हिंगोलीचे जुने स्थानक आणि गावाची जमीन

केंद्र सरकारच्या 'अमृत भारत स्थानक' योजनेसाठी देशातील तेराशेच्या आसपास स्थानके निवडली गेली. त्या यादीत 'हिंगोली डेक्कन' हे नाव आले, याचे जिल्ह्यात समाधान होणे स्वाभाविक होते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याने रेल्वेच्या बाबतीत मागणे पुष्कळ केले आणि मिळवले बेताचे. तथापि या योजनेविषयी जी चर्चा कानावर येते, ती प्रायः नव्या प्रवेशद्वाराची, वाहनतळाची, प्रतीक्षालयाची आणि दर्शनी भागाच्या रोषणाईची असते. जुन्या स्थानकाच्या आवाराचे पुढे काय व्हावयाचे, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच डोकावतो. वस्तुतः आर्थिक दृष्टीने पाहू गेल्यास तोच प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

हे आवार कसे निर्माण झाले, हे आधी पाहिले पाहिजे. मनमाड ते सिकंदराबाद हा ३९१ मैलांचा मीटरगेज मार्ग, म्हणजे त्या काळची 'हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे', विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्या मार्गावरील पूर्णा येथून हिंगोलीपर्यंतचा सुमारे ८० किलोमीटरचा फाटा १९१२ साली वाहतुकीस सुरू झाला. हे साल ध्यानात घेण्यासारखे आहे. हिंगोली ही 'हैदराबाद कंटिंजंट' या फौजेची जुनी छावणी. लष्करासाठी रेल्वे आली, असा समज त्यामुळे सहज होतो. परंतु ही छावणी १९०३ मध्येच मोडली होती. फौज गेल्यानंतर नऊ वर्षांनी जी गाडी आली, ती सैनिकांसाठी आली असे म्हणता येणार नाही. ती आली कापसासाठी. निजामी मुलखातील कापसाची एक मोठी पेठ म्हणून हिंगोलीचे नाव होते, आणि तो कापूस मनमाडमार्गे मुंबईच्या बंदरापर्यंत पोहोचवणे हे या फाट्याचे प्रयोजन होते.

मार्ग हिंगोलीला संपत असे, आणि पुढील साडेचार दशके तो तेथेच संपत राहिला. मार्गावरील मधले स्थानक आणि मार्गाचे शेवटचे स्थानक यांच्या गरजा भिन्न असतात. मधल्या स्थानकावर गाडी दोन-चार मिनिटे थांबते आणि निघून जाते. शेवटच्या स्थानकावर वाफेच्या इंजिनाला तोंड फिरवावे लागते, पाणी व कोळसा घ्यावा लागतो, राख काढावी लागते. डबे बाजूला उभे करावयास जादा रूळ लागतात, चालक व गार्ड यांच्या मुक्कामाची सोय लागते, आणि मालधक्क्यावर गाठी व पोती गाडी भरेपर्यंत साठवून ठेवावी लागतात. म्हणून अशा ठिकाणी रेल्वे जमीन घेते ती ऐसपैस घेते. ज्या गावी एके काळी रेल्वे संपत होती, त्या गावी आज रेल्वेपाशी गरजेहून अधिक जागा सापडते, याचे कारण हे आहे.

१९३० साली निजाम सरकारने रेल्वे कंपनीकडून हा सगळा कारभार विकत घेतला. म्हणजे त्या वर्षापासून तरी ही मालमत्ता सार्वजनिक तिजोरीची झाली, आणि त्या तिजोरीत शेतसारा कोणाचा पडत होता हे मराठवाड्यातील वाचकांना सांगण्याची गरज नाही. १९५१ मध्ये निजाम स्टेट रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली आणि २००३ मध्ये नांदेड विभाग अस्तित्वात आला. पाट्या बदलल्या, जमीन तीच राहिली.

दरम्यान हिंगोलीचे शेवटचे स्थानकपण संपले. राजस्थान-माळव्याकडील मीटरगेजचे जाळे खांडव्यापर्यंत आले होते, दक्षिणेचे हिंगोलीपर्यंत. स्वातंत्र्यानंतर खांडवा–अकोला–हिंगोली हा दुवा बांधून ही दोन जाळी जोडण्यात आली आणि १९६०च्या दशकाच्या आरंभी हे काम पुरे झाले. मग जयपूर–काचीगुडा 'मीनाक्षी एक्स्प्रेस' हिंगोलीवरून जाऊ लागली. मेळघाटात धूळघाटजवळ हा मार्ग स्वतःलाच वळसा घालून स्वतःवरून जात असे. त्या वळणाची आठवण सांगणारी माणसे आजही पूर्णा-वाशीम पट्ट्यात भेटतील. ही जोडणी फार काळ पुरली नाही. मराठवाडा जनता विकास परिषद आणि गोविंदभाई श्रॉफ यांनी ब्रॉडगेजचा आग्रह वर्षानुवर्षे धरला, मनमाडकडील रुंदीकरण १९९०च्या दशकात झाले, आणि पूर्णा ते अकोला हा टप्पा २००८च्या सुमारास रुंद झाला. अकोल्यापुढील मीटरगेज मात्र २०१७च्या आरंभी बंद पडला. अकोटपर्यंत ब्रॉडगेज आले, पण त्यापुढील तुकडा व्याघ्र प्रकल्पामुळे अडला आणि नवी आखणी वनाबाहेरून नेण्याचे ठरले.

रुंदीकरणाने प्रवाशांचे कल्याण झाले यात शंका नाही. पण त्याच काळात आणखी एक बदल घडत होता, ज्याची वर्तमानपत्रांतून फारशी दखल घेतली गेली नाही. पूर्वी छोटा व्यापारी एक वाघीण, किंबहुना वाघिणीतील काही पोती, रेल्वेने पाठवू शकत असे. गेल्या तीन-चार दशकांत रेल्वेने हा फुटकळ माल जवळजवळ सोडून दिला आणि संपूर्ण मालगाडी एकदम भरून देणाऱ्या गिऱ्हाइकाला पसंती दिली. बंद वाघिणींची एक पूर्ण गाडी म्हणजे ४० हून अधिक वाघिणी आणि अडीच हजार टनांच्या आसपास माल. सिमेंटच्या कारखान्याला हे परवडते, खताच्या कंपनीला परवडते. हिंगोलीच्या आडत्याने इतकी हळद एका दिवशी आणावी कोठून? माल ट्रकवर गेला आणि लहान गावांचे मालधक्के ओस पडू लागले. त्यांना गेजबदलाने नव्हे, तर या धोरणाने निरुपयोगी केले. हे नीट समजून न घेता 'जुना मालधक्का पुन्हा सुरू करा' अशी निवेदने देत राहण्यात अर्थ नाही.

आता जमिनीकडे वळू. भारतीय रेल्वेपाशी एकूण सुमारे ४ लाख ८० हजार हेक्टरांहून अधिक जमीन आहे आणि तीतील सुमारे ६२ हजार हेक्टर मोकळी असल्याचे सांगितले जाते. हा आकडा पाहून डोळे दिपण्याचे कारण नाही. यातील बहुतेक जमीन रुळांच्या कडेच्या अरुंद पट्ट्यांची आहे आणि तिचा रेल्वेखेरीज इतरांना उपयोग नाही. उपयोगाची, सलग आणि रस्त्याला लागून असलेली जमीन ही मुख्यतः गावांतील जुन्या स्थानकांच्या आवारांतच सापडते. तिला किंमत आली आहे ती रेल्वेमुळे जितकी, तितकीच तिच्याभोवती वाढलेल्या गावामुळे. स्थानकापर्यंतचा रस्ता, दिवाबत्ती, गटारे यांचा भार नगर परिषदेने वाहिला. परंतु घटनेच्या अनुच्छेद २८५ अन्वये केंद्राच्या मालमत्तेवर स्थानिक कर बसत नाही आणि नगर परिषदेच्या पदरी फार तर सेवाशुल्क पडते. शिवाय रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम ११ ने रेल्वेला आपल्या कामासाठी इतर कायद्यांची अडचण होत नाही. म्हणजे गावाच्या मध्यावरील एक मोठा तुकडा गावाच्या कराच्या आणि बऱ्याच अंशी नियोजनाच्याही बाहेर राहतो. तो पडून राहिला तर तोटा गावाचा, आणि उद्या व्यापारी संकुलासाठी लिलावात गेला तर नफा गावाबाहेरचा.

यावर उपाय नाही असे नाही, आणि तो रेल्वेच्याच धोरणात आहे. ७ सप्टेंबर २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेच्या जमिनीच्या भाडेपट्ट्याविषयी निर्णय घेतला. त्यानुसार मालवाहतूक केंद्रांसाठी जमीन बाजारभावाच्या वार्षिक दीड टक्का दराने, ३५ वर्षांपर्यंत देता येते. पूर्वी हा दर सहा टक्के होता आणि मुदत पाच वर्षांची. त्याच निर्णयात शाळा आणि रुग्णालये यांसाठी दर चौरस मीटरला वर्षाला एक रुपया असा नाममात्र दर ठेवला आहे. शाळा केंद्रीय विद्यालय संघटनेमार्फत आणि रुग्णालये खाजगी भागीदारीतून, ही अट आहेच आणि ती अपुरी आहे. नगर परिषदेचे वाचनालय किंवा अभ्यासिका या शब्दांत बसत नाही. पण ज्या धोरणाने 'सामाजिक उपयोग' हे तत्त्व एकदा मान्य केले, त्याचा विस्तार मागणे हे भीक मागणे नव्हे.

जुन्या स्थानकाचा नवा उपयोग म्हटले की पॅरिसच्या ओर्से स्थानकाचा दाखला दिला जातो. १९०० साली बांधलेले ते स्थानक लांब विद्युत गाड्यांना अपुरे पडू लागले आणि १९८६ मध्ये तेथे कलासंग्रहालय उघडले. दाखला भव्य आहे, पण हिंगोलीच्या कामाचा नाही. हिंगोलीने पाहावे ते मँचेस्टरकडे, आणि तेही कापसाचेच गाव म्हणून. लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वेचे १८३० सालचे मँचेस्टरचे स्थानक प्रवाशांसाठी अवघी चौदा वर्षे वापरात होते. १८४४ मध्ये प्रवासी दुसऱ्या स्थानकाकडे वळले, तेव्हा ते पाडले गेले नाही. ते मालाचे आगार झाले आणि त्या रूपात १९७५ पर्यंत चालले. विज्ञान व उद्योगाचे संग्रहालय तेथे आले ते १९८३ मध्ये. जगातील अत्यंत जुन्या स्थानकांपैकी एक असलेली ही इमारत टिकली, याचे श्रेय जतनप्रेमींच्या आधी त्या १३१ वर्षांच्या मालवाहतुकीला द्यावे लागेल. वापर असला की छपराची कौले बदलली जातात, वापर थांबला की जातात ती थेट वासेसुद्धा.

जवळची उदाहरणे इतकी सुखद नाहीत. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचली. तिचे स्थानक गावातच होते. ब्रॉडगेज आले तेव्हा नवे स्थानक शहराबाहेर गेले आणि शहरातील अरुंद लोहमार्ग नाहीसा झाला. ज्या रेल्वेने लातूरची पेठ उभी केली, तिची खूण त्या पेठेत शोधावी लागते. पूर्णा येथे तर रेल्वेची अख्खी वसाहतच होती. कारभार नांदेडकडे सरकत गेला तशी तिची रया गेली. हिंगोलीत रुंदीकरण प्रामुख्याने जुन्याच आखणीवरून झाले आणि आवार गावापाशीच राहिले, हे या दृष्टीने भाग्यच म्हटले पाहिजे.

मग तेथे काय व्हावे? संग्रहालय नको, हे प्रथमच सांगितलेले बरे. उद्घाटनानंतर दुसऱ्या वर्षी ज्याचे कुलूप उघडत नाही, अशा संग्रहालयांची महाराष्ट्रात वाण नाही. जुने ते सगळे जपावे, असेही नाही. पत्र्याची मोडकी शेड केवळ निजामकालीन आहे म्हणून पूजनीय ठरत नाही. हिंगोलीचे आजचे पीक हळद आहे. येथील संत नामदेव मार्केट यार्ड आणि वसमतची बाजारपेठ यांचे नाव राज्याबाहेर गेले आहे, वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि वसमतलाच हळद संशोधन केंद्र उभे राहत आहे. राष्ट्रीय हळद मंडळ मात्र २०२५ मध्ये निजामाबादला गेले, जे त्याच जुन्या मनमाड–सिकंदराबाद मार्गावरचे गाव आहे. स्थानकावर 'एक स्थानक, एक उत्पादन' योजनेत हळदीच्या पुड्यांची एक टपरी मांडून या पिकाची रेल्वेशी सांगड घातल्याचे समाधान मानता येणार नाही. मालधक्क्याच्या जागी प्रतवारी, तपासणी आणि गोदाम यांची सोय झाली, शेतकरी उत्पादक कंपन्यांचा आणि आडत्यांचा माल तेथे एकत्र होऊ लागला, तर पूर्ण गाडी नव्हे तरी सुमारे २० वाघिणींची लहान गाडी हंगामात भरणे विचारात घेण्याजोगे होईल. दीड टक्क्याचा भाडेपट्टा अशाच कामासाठी आहे. प्रवासी बाजूला रिकामी होणारी एखादी पक्की इमारत अभ्यासिकेला द्यावी. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या खेड्यापाड्यांतील मुलामुलींना सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळच्या गाडीने परत जाता येईल, अशी दुसरी जागा गावात कोणती?

रेल्वेचा आक्षेप ठरलेला आहे: उद्या दुहेरीकरण झाले तर जागा लागेल. आक्षेप रास्त आहे आणि तो फेटाळू नये. मात्र दुहेरीकरणाला रुळालगतचा पट्टा लागतो, संपूर्ण आवार लागत नाही. किती लागेल हे आज मोजून राखून ठेवता येते. अडचण मोजणीचीच आहे. आवाराची हद्द कोठपर्यंत, कोणते बांधकाम कधीचे, कोणते वापरात आणि कोणते पडीक, याची जाहीर यादी नवे काम सुरू होण्यापूर्वी हवी. ती नांदेड विभाग आणि हिंगोली नगर परिषद यांनी मिळून करावी आणि नगर परिषदेच्या फलकावर लावावी. १९१२ पूर्वीच्या भूसंपादनाचे कागद उर्दूत असतील, जीर्ण असतील, ही सबब आता ऐकली जाऊ नये. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीचे काम सुरू झाले, तेव्हा मराठवाड्यातील तहसिलींनी उर्दू आणि मोडीचे जाणकार गाठून निजामकाळचे दप्तर धुंडाळलेच होते. त्याच दप्तरखान्यात रेल्वेच्या जमिनीचेही गठ्ठे असणार.