फ्लॉरेन्स पायी पाहताना

इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला आहे : ‘युरोपातील प्रबोधनाची कारणे सांगा.’ त्याचे उत्तरही तितकेच ठरून गेलेले आहे. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, ग्रीक पंडित आपली हस्तलिखिते घेऊन इटलीत आले आणि प्रबोधन सुरू झाले. पुढे मेदिची घराण्याचा उदार आश्रय, लिओनार्दो, मायकेलएंजेलो व राफाएल ही तीन नावे, आणि ‘व्यक्तिवादाचा उदय’ हे शब्द लिहिले की गुण पदरात पडतात. मीही असेच लिहून उत्तीर्ण झालो आणि पुढे कित्येक वर्षे वर्गात असेच सांगत आलो. इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एक दिवस पायी हिंडलो, तेव्हा या उत्तरातले जवळजवळ प्रत्येक वाक्य तपासून घ्यावे लागेल असे वाटू लागले. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

फ्लॉरेन्सचा जुना भाग आकाराने लहान आहे. रेल्वे स्थानकापासून निघालेला माणूस सावकाश चालत, थांबत थांबत, एका दिवसात त्यातील मुख्य वास्तू बाहेरून तरी पाहू शकतो. स्थानकाजवळच सांता मारिया नोव्हेल्ला हे चर्च लागते. त्याची दर्शनी बाजू आल्बेर्ती या विद्वान वास्तुकाराने योजिलेली असून तिच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत जोव्हान्नी रुचेल्लाई या व्यापाऱ्याचे नाव व १४७० हे साल कोरलेले आहे. देवाच्या घरावर देणगीदाराचे नाव! आपल्याकडे देवळातल्या फरशीवर आणि पंख्याच्या पात्यावर देणगीदारांची नावे वाचणाऱ्याला याचे आश्चर्य वाटणार नाही. आत मासाच्चो याने सुमारे १४२७ साली काढलेले ‘त्रिमूर्ती’चे भित्तिचित्र आहे. सपाट भिंतीत जणू खोल दालन कोरले आहे असा भास त्यात होतो. यथादर्शनाच्या नियमांचा इतका काटेकोर वापर त्यापूर्वीच्या चित्रांत सापडत नाही.

आता हे साल लक्षात ठेवावे. १४२७ म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडण्याच्या सव्वीस वर्षे आधी.

पुढे कॅथीड्रलच्या चौकात आलो की हा हिशेब आणखी पक्का होतो. कॅथीड्रलसमोर जुने अष्टकोनी बाप्तिस्मागृह आहे. त्याच्या ब्राँझच्या दरवाजांसाठी १४०१ साली स्पर्धा जाहीर झाली. तिच्यात उतरलेल्या गिबेर्ती आणि ब्रुनेल्लेस्की या दोघांचे नमुने आजही बार्जेल्लो संग्रहालयात शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. गिबेर्ती जिंकला आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे दरवाजांच्या दोन जोड्या घडविण्यात त्याने घालविली. दुसरी जोडी १४५२ साली पुरी झाली. पाठीमागे कॅथीड्रलचा तो प्रचंड घुमट. आतून सुमारे पंचेचाळीस मीटर रुंदीचा हा घुमट ब्रुनेल्लेस्कीने १४२० ते १४३६ या काळात, खालून लाकडी सांगाड्याचा आधार न देता, एकात एक अशा दोन कवचांनी उभारला. विटा माशाच्या काट्यासारख्या तिरक्या गुंफीत बसविल्यामुळे चढते थर आतल्या बाजूला घसरले नाहीत. म्हणजे ज्या कलेचे कारण म्हणून आपण १४५३ साल सांगतो, तिची सर्वांत मोठी वास्तू त्यापूर्वी सतरा वर्षे उभी होती!

ग्रीक विद्येचा काहीच संबंध नव्हता असे मला म्हणावयाचे नाही. पण तीही निर्वासितांबरोबर अचानक आली नाही. मानुएल क्रिसोलोरास हा ग्रीक पंडित १३९७ साली फ्लॉरेन्समध्ये शिकवू लागला तो शहराने त्याला आमंत्रण दिले म्हणून. शहराला भूक होती, म्हणून गुरू बोलावला गेला. कारण आणि परिणाम यांची आपण पाठ्यपुस्तकात अदलाबदल केली आहे.

दुसरा मुद्दा आश्रयदात्यांचा. ‘मेदिचींनी प्रबोधन घडविले’ हे वाक्य आपण सहज लिहितो. सान लोरेन्झो चर्च, सान मार्कोचा मठ या वास्तूंवर मेदिचींचा पैसा खर्च झाला, हे खरेच आहे. परंतु कोझिमो दे मेदिची हद्दपारीतून परत येऊन शहराचा खरा सूत्रधार झाला तो १४३४ साली. बाप्तिस्मागृहाचे दरवाजे आणि घुमट ही कामे त्याआधीच सुरू झालेली होती. मग ती कोणी करविली? शहरातील गिल्डांनी, म्हणजे व्यापारी आणि कारागीर यांच्या श्रेणींनी. दरवाजांची जबाबदारी परदेशी कापडाचा व्यापार करणाऱ्या श्रेणीची, तर कॅथीड्रलची लोकर विणणाऱ्या व विकणाऱ्या श्रेणीची.

हे पुस्तकात वाचून कळते. परंतु पटते ते ओर्सानमिकेले या इमारतीभोवती एक फेरी मारल्यावर. कॅथीड्रलकडून सरकारवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही इमारत आहे. मुळात हा धान्याचा बाजार. पुढे त्याचे चर्च झाले. त्याच्या बाहेरच्या भिंतींत चौदा कोनाडे असून त्यांत निरनिराळ्या श्रेणींनी आपापल्या संरक्षक संतांचे पुतळे बसविले. तागाचे कापड विणणाऱ्यांसाठी दोनातेल्लोने संत मार्क घडविला, चिलखते करणाऱ्यांसाठी संत जॉर्ज. दगड आणि लाकूडकाम करणाऱ्यांच्या कोनाड्यात नान्नी दी बांको याने चार हुतात्मे उभे केले आहेत आणि त्यांच्या पायाशी, पट्टीवजा शिल्पात, हातात हत्यारे घेऊन काम करणारे गवंडी व मूर्तिकार कोरले आहेत. आज बहुतेक मूळ पुतळे आत हलविलेले असून बाहेर प्रतिकृती आहेत. पण जागा त्याच आहेत. बाजाराला निघालेला माणूस रोज ज्या वाटेने जाई, त्या वाटेवर, त्याच्या डोळ्यांसमोर ही कला उभी होती. ‘व्यक्तिवाद’ हा शब्द इथे अपुरा पडतो. व्यक्तीची प्रतिभा होतीच, पण तिला काम देणारे, कामावर देखरेख करणारे आणि त्यावर चावडीत वाद घालणारे एक गावही होते. १५०४ साली मायकेलएंजेलोचा ‘डेव्हिड’ पुरा होत आला, तेव्हा तो कोठे उभारावा हे ठरविण्यासाठी शहराने कलावंतांची सभा भरविली, आणि तीत लिओनार्दो व बोत्तिचेल्ली हेही होते. अखेर पुतळा सरकारवाड्याच्या दाराशी उभा राहिला. १८७३ साली तो छपराखाली नेण्यात आला. चौकात आज त्याची प्रतिकृती आहे.

येथे कोणी म्हणेल, ‘तुम्ही राजघराण्याऐवजी व्यापाऱ्यांची आरती ओवाळता, एवढाच फरक.’ आक्षेप योग्य आहे. श्रेणींचे राज्य म्हणजे सर्वांचे राज्य नव्हे. लोकर पिंजणाऱ्या, धुणाऱ्या मजुरांना स्वतःची श्रेणी काढण्याचा हक्कच नव्हता. १३७८ साली हे मजूर, ज्यांना ‘चोंपी’ म्हणत, उठले, त्यांनी सरकारवाडा घेतला, स्वतःची श्रेणीही मिळविली; आणि थोड्याच काळात त्यांचा उठाव मोडून काढण्यात आला. ज्या श्रेणीने त्यांना दाबले, तिच्याच देखरेखीखाली पुढे तो घुमट झाला. घुमटाखाली उभे राहून मान वर करणाऱ्याने हेही स्मरणात ठेवावे. सौंदर्याला हिशेब चुकत नाही.

आणि तरीही या शहरात एक वास्तू अशी आहे की जिच्यापुढे टीकाकारालाही थांबावे लागते. कॅथीड्रलच्या मागून निघणाऱ्या सरळ रस्त्याने गेल्यास एका शांत चौकात अनाथ अर्भकांचे आश्रयगृह लागते. रेशमाच्या श्रेणीने ते बांधविले व ब्रुनेल्लेस्कीने १४१९ साली त्याचे काम सुरू केले. तो मूळचा सोनार, आणि सोनार याच श्रेणीत मोडत. सडपातळ खांब, त्यांवर अर्धवर्तुळाकार कमानी, जितकी खांबाची उंची तितकेच दोन खांबांतील अंतर. सगळे मोजून-मापून, तरी हलके. प्रबोधनाच्या नव्या वास्तुशैलीतील अगदी पहिल्या इमारतींत हिची गणना होते. १४४५ साली येथे पहिले मूल आले. कमानींमधल्या निळ्या वर्तुळांत बाळोत्यात गुंडाळलेली पांढरी अर्भके आन्द्रेआ देल्ला रोब्बियाने पुढे बसविली. आत आलेल्या मुलांपैकी अनेक जगली नाहीत, हे दुःखद सत्य आहे. तथापि नव्या युगाची नवी शैली प्रथम ज्या वास्तूंत दिसली, त्यांत टाकून दिलेल्या मुलांचे घर होते, ही गोष्ट आमच्या कोणत्या उत्तरपत्रिकेत येते? मुलांसाठी काम करणारी संस्था आजही त्याच वास्तूत आहे.

आता प्राध्यापक मंडळी विचारतील, विद्यार्थ्यांना फ्लॉरेन्सला न्यावयाचे काय? अर्थातच नाही. पण शहराचा नकाशा फळ्यावर काढून, रस्त्यामागून रस्ता असा तो वर्ग घेता येईल. कारणांची यादी देण्याऐवजी प्रत्येक वास्तूपाशी तीनच प्रश्न विचारावेत : हे केव्हा झाले? पैसा कोणाचा? आणि हे कोणासाठी? सनावळ्या मग पाठ कराव्या लागणार नाहीत. त्या स्वतःच पाठ्यपुस्तकाशी भांडू लागतील. शिवाय हे तीन प्रश्न आपल्या गावच्या देवळाला, किल्ल्याला, बाजाराच्या इमारतीलाही विचारता येतात.

जाता जाता एक आठवण. फ्लॉरेन्सच्या पश्चिम टोकाला, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमापाशी, एक भारतीय धाटणीची छत्री उभी आहे. विलायतेहून परतताना १८७० साली कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज या शहरात वारले. वय अवघे वीस. त्यांचे दहन त्याच संगमावर झाले. आपल्या शेजारच्या गादीचा, आपल्या विद्यार्थ्यांच्या वयाचा तो राजा परदेश पाहावा, समजून घ्यावा म्हणून निघाला होता आणि आपल्या प्रवासाची दैनंदिनीही लिहीत होता. पाहिलेले लिहून ठेवण्याची ती सवय आपण उचलली, तर ठरीव उत्तरांची आपल्याला फारशी गरज उरणार नाही.