कुलूपबंद घरांची नोंद

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील अनेक घरांना दिवाळीच्या आगेमागे कुलपे लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. ती बाहेर असताना घरोघर पाहणी झाली, तर शौचालय, इंधन, रेशनकार्डाचा रंग हे रकाने रिकामे राहतात.

समजा, २०० घरांपैकी ६० बंद आहेत आणि उघड्या १४० पैकी ९८ घरांत शौचालय आहे. बंद घरे वगळली, तर प्रमाण ७० टक्के. रिकाम्या जागी बहुसंख्यांचे उत्तर, म्हणजे ‘आहे’, भरले तर ७९ टक्के. त्या साठांपैकी एकाही घरात शौचालय नसेल, तर ४९ टक्के. म्हणजे शक्यतेचा पट्टा ४९ ते ७९, आणि सोयीची म्हणून सर्रास वापरली जाणारी भरती थेट त्याच्या वरच्या टोकाला पोचते.

नोंद का राहून गेली, हा प्रश्न संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये विश्लेषणाच्या केंद्रस्थानी आणला. पावसात फॉर्म भिजला, तर तो निव्वळ योगायोग. जमीनधारणा किंवा स्थलांतर या माहीत असलेल्या गोष्टींवरून रिकामेपण उलगडत असेल, तर मल्टिपल इम्प्युटेशन, म्हणजे रिकामी जागा संभाव्य उत्तरांनी अनेकदा भरून पाहणे, उपयोगी पडते: दोन वर्गांसाठी लॉजिस्टिक, क्रम नसलेल्या अनेक वर्गांसाठी मल्टिनॉमियल प्रतिमान. वर्गांचे सांकेतिक अंक धरून सरासरी काढणे मात्र निरर्थक. पिवळे आणि पांढरे कार्ड यांची सरासरी केशरी होत नाही. दडलेले उत्तरच रिकामेपणाचे कारण असेल, तेव्हा वेगवेगळी गृहीतके धरून निष्कर्ष किती हलतो, ते दाखवावे लागते.

म्हणून फॉर्मवर नुसते ‘बंद’ लिहिणे पुरेसे नाही. ‘ऊसतोडीला’, ‘शेतावर’, ‘कायमचे पुण्याला’ ही शेजाऱ्याने ओट्यावरून सांगितलेली कारणे त्याच दिवशी वेगवेगळ्या संकेतांकांनी नोंदवायला हवीत. नंतर कोणतेही सॉफ्टवेअर ती परत आणू शकत नाही. ‘माहीत नाही’ आणि ‘सांगायचे नाही’ हीसुद्धा दोन निराळी उत्तरे आहेत. दोन्हींना ९९ हा एकच संकेतांक देऊ नये.

सर्वांत भक्कम उपाय पायपिटीचा आहे. हॅन्सन आणि हरविट्झ या संख्याशास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये मांडल्याप्रमाणे, प्रतिसाद न मिळालेल्यांतून यादृच्छिक नमुना निवडून पुन्हा गाठ घ्यावी. मे महिन्यात त्या ६० पैकी २० घरी जाता आले आणि ८ घरांत शौचालय आढळले, तर प्रत्येक घराला ३ चे वजन मिळते. साठांतली अंदाजे २४ घरे ९८ मध्ये मिळवली की १२२, म्हणजे ६१ टक्के.