मदतनीसाला औषधांची परिभाषा हवी

चिकित्सेच्या चतुष्पादात चरकाचार्यांनी भिषक् व द्रव्य यांच्याबरोबरीने उपस्थात्याला स्थान दिले, आणि त्याच्या गुणांत उपचारज्ञता मोजली. आपण मात्र चिकित्सालयातील मदतनीसाकडून दक्षता, आपुलकी व शुचिता एवढ्याचीच अपेक्षा करतो. पुडी तो बांधतो, रुग्णाला वेळही तोच सांगतो. आणि औषधे मात्र बाटलीच्या झाकणावरून ओळखतो, हे आम्हांस धोक्याचे वाटते.

योगराज गुग्गुळ आणि महायोगराज गुग्गुळ यांत एका 'महा'चे अंतर आहे. पण त्या 'महा'त वंग, नाग, रौप्य आदी भस्मे व रससिंदूर आहे. त्रिभुवनकीर्तीत वत्सनाभ आहे. औषधे नियम, १९४५ यांच्या अनुसूची ई (१) मध्ये वत्सनाभ, कुचला, भल्लातक अशी द्रव्ये गणली असून, ती असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशा अर्थाची सूचना इंग्रजी व हिंदीत छापावी लागते. ती सूचना डबीवरच राहते, पुडीवर उतरत नाही! गुंज म्हणजे १२५ मिलिग्रॅम, एवढे तरी पुडी बांधणाऱ्यास पाठ हवे. सग्रास म्हणजे घासागणिक, ग्रासान्तर म्हणजे दोन घासांच्या मध्ये. दोहोंना 'जेवणाबरोबर घ्या' म्हटले, तर भैषज्यकाल आपण शिकलो कशाला?

आधुनिक औषधांची बाजू अधिक नाजूक आहे. आमवाताच्या रुग्णाच्या पिशवीत पुष्कळदा मेथोट्रेक्झेट असते. या व्याधीत ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे. चुकून रोज घेतले गेल्यास अस्थिमज्जेवर आघात होऊन रुग्ण दगावूही शकतो. केसपेपर लिहिताना 'रोज घेतो' हे शब्द कानी पडताच मदतनीसाची लेखणी थांबली पाहिजे. 'ओडी', 'बीडी', 'एसओएस' हे संक्षेप त्यास वाचता यावेत ते यासाठीच. औषध बदलणे वा बंद करावयास सांगणे हे त्याचे काम नव्हे; वैद्याच्या कानी घालणे हे निश्चित त्याचे काम.

काही सन्मित्र म्हणतात, एवढे शिकवले तर हाच उद्या गावात पाटी लावील. भीती निराधार नाही. परंतु पाटी लावणारा परिभाषेच्या अभ्यासाची वाट पाहत बसत नाही.

शाखांनी रविवारचे चार वर्ग घेतले तरी आरंभ होईल. पहिल्या वर्गात पुस्तक नको. आपल्याच मांडणीवरील डब्यांची नावे मोठ्याने वाचून घ्यावीत, आणि दुसऱ्या वर्गात आपल्याच हातची चिठ्ठी. ती त्यास वाचता आली नाही, तर दोष त्याचा धरू नये.