डोळे नशिबाने जात नाहीत

माण तालुक्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये फिरा. उंबऱ्यापाशी चाचपडत बसलेली एखादी आजी दिसतेच. घरचे म्हणतात, "वय झालं, चालायचंच." हे वाक्य म्हणजे कर्मसिद्धान्ताचं धाकटं भावंड. नशीब नाकारणारे आपण ते निमूट का ऐकतो?

२०१५-१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधत्वाचं ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू निघालं. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया मोफत आहे. मग आजी अजून अंधारात का?

कारण मोफत आहे ती फक्त शस्त्रक्रिया. साताऱ्याचं भाडं मोफत नाही. सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी कुणी देत नाही. पुढे काही आठवडे वेळेवर डोळ्यांत थेंब घालायला घरात माणूस लागतो, आणि दुष्काळाने तो माणूस पुण्या-मुंबईला नाहीतर ऊसतोडीला नेलेला असतो. ज्याच्याकडे जमीन, गाडी आणि माणूसबळ आहे त्याचा मोतीबिंदू निघतो. भूमिहीनाचा पिकत राहतो. याला नशीब म्हणायचं?

आयुष्याच्या अखेरीस मधुमेह आणि मंदावलेली दृष्टी सोसत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुरा केला. टंकलेखनाला नानकचंद रत्तू होते. महामानवालाही सोबत लागली, तिथे आपल्या आजीला लागणारच.

काचबिंदूने गेलेली नजर तर परतच येत नाही. तिथे वेळेवर तपासणी हाच उपाय. ज्यांची नजर कायमची गेली, त्यांना दिव्यांग प्रमाणपत्र आणि काठीपासून भिंगापर्यंतची साधनं मिळायला हवीत.

संविधानाचं कलम ४१ म्हातारपणी आणि अपंगत्वात सार्वजनिक साहाय्य सांगतं. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, थेट कोर्टात मागता येत नाही. म्हणून ग्रामसभेत मागायचं. टोळ्या ऊसतोडीला निघण्याआधी वस्तीत नेत्रतपासणी झाली पाहिजे. शस्त्रक्रियेसाठी जाण्यायेण्याला गाडी पाहिजे. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला दिव्यांगांचा ५ टक्के निधी कुठे खर्च झाला, याचा लेखी हिशेब पाहिजे.

आणि मित्रांनो, सरकार हलेपर्यंत थांबू नका. जयंतीची वर्गणी गोळा करायला आपण घरोघर जातोच. त्याच फेरीत कुणाला दिसत नाही, याची यादी करा. प्रत्येक नावामागे सोबतीला जाणारा एक कार्यकर्ता ठरवा. संघटन म्हणतात ते यालाच.

जय भीम!